ऑल-माउंटन स्की कशी निवडायची? परभणीतून गुलमर्गला निघण्याआधी हे वाचा

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे वाक्य ऐकलं नाही असा परभणीकर सापडणं अवघड. पण एका बाबतीत जर्मनी आपल्या बरीच पुढं आहे. तिथं झुगस्पिट्झ नावाचं 2,962 मीटर उंच शिखर आहे आणि हिवाळ्यात लोक तिथं स्कीइंग करतात. आपल्याकडं कृषी विद्यापीठात पारा सहा-सात अंशांवर आला की राज्यभर बातमी होते, पण बर्फ काही पडत नाही.

तरीही बर्फ आता पूर्वीइतका लांब राहिलेला नाही. परभणीवरून जाणारी सचखंड एक्स्प्रेस थेट दिल्ली आणि पुढं अमृतसरला सोडते. 6 जून 2025 पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली. श्रीनगरहून गुलमर्ग साधारण 50 किलोमीटर. रील बघून एखादा गुलमर्गला जातो, आठवडाभराचा कोर्स करतो आणि परत येताना डोक्यात एकच विचार असतो, 'आता स्वतःची स्की घ्यायची.'

मग गोंधळ सुरू होतो. इंटरनेटवर शेकडो मॉडेल, प्रत्येकाच्या नावापुढं एक आकडा आणि वर्णनात 'ऑल-माउंटन', 'प्लेफुल', 'रॉकर' असे शब्द. परदेशात नव्या जोडीची किंमत बाइंडिंग सोडून साधारण 500 ते 900 डॉलर असते. चुकीची घेतली तर पैसे जातातच, शिवाय गुडघाही दुखावू शकतो. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

ऑल-माउंटन स्की म्हणजे काय?

स्की सगळ्या सारख्या नसतात. शर्यतीची वेगळी, दाबून सपाट केलेल्या उतारावरची वेगळी, खोल ताज्या बर्फातली वेगळी, डोंगर चढून जायची वेगळी.

भारताचा आरिफ खान 2022च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये जायंट स्लालममध्ये उतरला आणि 45वा आला. तो गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्ग भागातला. या प्रकारात पुरुषांची स्की किमान 193 सेंटीमीटर लांब असावी लागते आणि मधे ती जास्तीत जास्त 65 मिलीमीटर रुंद चालते. म्हणजे लांब, अरुंद आणि कडक. घट्ट बर्फावर वेगात ही जबरदस्त चालते, पण गुडघाभर ताज्या बर्फात तीच स्की खाली रुतत जाते.

दुसरं उदाहरण कर्नाटकातल्या कोडगूच्या भवानी टी. एन. हिचं. कोडगूतही बर्फ पडत नाही, तरी ती भारतातर्फे क्रॉस-कंट्री स्कीइंग करते. तिची स्की बारीक आणि हलकी असते, टाच मोकळी राहते आणि सपाटीवर, चढावर लांब अंतर कापायला ती बनलेली असते. 'स्की' एवढंच बघून ऑनलाइन सेकंडहँड जोडी मागवणारे कधी कधी ही स्की घेऊन बसतात आणि मग उतारावर तिला आवरणं जड जातं.

ऑल-माउंटन स्की या सगळ्यांच्या मधली. ती कुठल्याही एका बर्फावर पहिल्या नंबरची नसते, पण सगळ्या प्रकारच्या बर्फावर निभावते. क्रिकेटमध्ये टेनिस बॉलची आणि लेदर बॉलची बॅट वेगळी असते. इथं मात्र दोन्ही मॅच एकाच बॅटनं खेळायच्या आहेत.

बर्फ एकाच प्रकारचा नसतो

परभणीच्या माणसाला हे समजवायला काळी माती पुरेशी आहे. एकच रान मे महिन्यात भेगाळलेलं आणि दगडासारखं कडक असतं. जूनच्या दोन पावसांनंतर त्याच रानात चप्पल अडकते आणि पायाला किलोभर चिखल चिकटतो. दिवाळीनंतर तीच माती भुसभुशीत होते. माती तीच, पण पाण्याचा आणि उन्हाचा हिशेब बदलला.

बर्फाचंही असंच आहे. स्की करणाऱ्याला साधारण पाच प्रकार भेटतात.

पावडर: नुकताच पडलेला, कोरडा, पिठासारखा हलका बर्फ. यात पाय खोल जातो.

दाबलेला बर्फ: मशीन फिरवून सपाट केलेला उतार. शिकायला सगळ्यात चांगला.

कडक बर्फ: दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेला. घसरडा, स्कीची कड सहज रुतत नाही.

पापुद्रा: वरून कडक, आतून मऊ. स्की कधी वर राहते, कधी फुटून आत जाते. भल्याभल्यांना हाच पाडतो.

ओला बर्फ: मार्चमधल्या दुपारचा, जड आणि चिकट. आपल्या जूनच्या चिखलाचा चुलत भाऊ.

हे पाचही प्रकार एकाच दिवसात, एकाच डोंगरावर भेटू शकतात. सकाळी नऊ वाजता सावलीतला उतार कडक असतो आणि दुपारी एक वाजता उन्हातला उतार पातळ झालेला असतो. म्हणून स्की निवडताना रीलमधला पावडरचा दिवस डोळ्यांसमोर ठेवू नका. तुमच्या सहा दिवसांपैकी पाच दिवस जो बर्फ असणार आहे तो धरा.

पहिला आकडा: कंबर

स्की वरून बघितली तर डमरूसारखी दिसते. टोक रुंद, मधे बारीक, शेपूट पुन्हा रुंद. मधल्या बारीक भागाला स्कीची कंबर म्हणतात आणि ती मिलीमीटरमध्ये मोजतात. मॉडेलच्या नावापुढचा आकडा बहुतेक वेळा हाच असतो. सॅलोमन कंपनीच्या 'क्यूएसटी 98'मधले 98 म्हणजे कंबर सुमारे 98 मिलीमीटर. नॉर्डिकाच्या 'एनफोर्सर 94'चंही तसंच.

कंबर रुंद असली की काय होतं? बैलगाडी आठवा. जुन्या चाकाची लोखंडी धाव अरुंद असते. डांबरी रस्त्यावर ती सुरेख फिरते, ओल्या काळ्या रानात मात्र रुतून बसते. रबरी टायरची गाडी त्याच रानातून निघते, कारण वजन जास्त जागेवर पसरतं. रुंद स्की मऊ बर्फावर तशीच तरंगते.

पण रुंदीची किंमत मोजावी लागते. कडक बर्फावर वळताना स्की एका कडेवर उभी करावी लागते. स्की जितकी रुंद, तितकी ती कड तुमच्या पायाच्या मध्यापासून लांब जाते. मग एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला वेळ लागतो आणि गुडघ्यावर ताण येतो.

ढोबळ हिशेब असा:

65 ते 80 मिलीमीटर: दाबलेला आणि कडक बर्फ.

80 ते 90 मिलीमीटर: बहुतेक वेळ दाबलेल्या उतारावर, कधीमधी बाजूच्या मऊ बर्फात.

90 ते 100 मिलीमीटर: दोन्हीकडं सारखं. ऑल-माउंटनचा मुख्य पट्टा हाच.

105च्या पुढं: खोल पावडर.

एकच जोडी घ्यायची असेल, तर 85 ते 98च्या मधे राहिलेलं बरं. पट्ट्यात कुठं थांबायचं हे तुमचं वजन आणि तुम्ही जाता ती जागा ठरवते. वजनदार माणसाला मऊ बर्फात थोडी जास्त रुंदी लागते.

कॅम्बर आणि रॉकर: हे काय प्रकरण आहे?

स्की सपाट फरशीवर ठेवा आणि बाजूनं बघा. मधला भाग कमानीसारखा फरशीपासून उचललेला दिसला, तर तो कॅम्बर. त्यावर उभं राहिलं की कमान दाबली जाते आणि स्कीची पूर्ण कड बर्फाला टेकते. त्यामुळं कडक बर्फावर पकड येते आणि वळणातून बाहेर पडताना स्की तुम्हाला हलकासा धक्का देते.

रॉकर याच्या उलट. टोक किंवा शेपूट होडीच्या नाळेसारखं लवकर वर वळलेलं असतं. मऊ बर्फात टोक वर राहतं, रुतत नाही. वळण सुरू करायलाही सोपं जातं, कारण टोकाची कड बर्फात आधीच अडकत नाही.

ही कल्पना रुळायला बराच काळ गेला. 2000च्या दशकाच्या सुरुवातीला शेन मकाँकी या स्कीपटूनं पाण्यावरच्या स्कीवरून धडा घेतला. खोल बर्फ पाण्यासारखा वागतो, मग स्कीचा आकारही तसा का नको, असा त्याचा विचार होता. त्यातून व्होलांट कंपनीची 'स्पॅट्युला' ही पूर्ण उलट्या आकाराची स्की आली. ती पावडरमध्ये भारी आणि कडक बर्फावर अवघड होती. पण त्यानंतर कंपन्यांनी दोन्ही गोष्टी एकत्र करायला सुरुवात केली.

आजच्या बहुतेक ऑल-माउंटन स्कीत टोकाला रॉकर, पायाखाली कॅम्बर आणि शेपटीला थोडा रॉकर असतो. तुम्हाला हवी ती हीच रचना. पायाखाली कॅम्बर अजिबात नसलेली स्की पहिली म्हणून घेऊ नका. भारतातल्या सकाळच्या गोठलेल्या उतारावर ती निसटत राहते.

'प्लेफुल' म्हणजे नेमकं काय?

वर्णनात हा शब्द सारखा भेटतो. स्की दोन स्वभावांच्या असतात. एक सरळसोट, वेगात न डळमळणारी. हिच्यात बहुतेक वेळा लाकडाच्या गाभ्यावर धातूचे पत्रे असतात, त्यामुळं ती जड आणि कडक होते. तिला ताकद आणि तंत्र दोन्ही लागतं.

दुसरी खेळकर. ती हलकी असते, टोक आणि शेपूट लवचिक असतात आणि शेपूटही टोकासारखं वर वळलेलं असतं. झाडांमधून पटकन वळायचं, छोट्या उंचवट्यावरून उडी मारायची, आडवं घसरत जायचं, हे सगळं हिच्यावर सोपं जातं. ॲटॉमिकची 'बेंट' मालिका याच स्वभावाची म्हणून ओळखली जाते.

शिकाऊ आणि मध्यम तयारीच्या माणसाला खेळकर स्कीचा एक फायदा असतो. ती चूक पोटात घालते. तुमचं वजन चुकून मागं गेलं तरी कडक स्कीसारखी ती तुम्हाला ओढून नेत नाही. तोटा असा की जास्त वेगात आणि खडबडीत कडक बर्फावर तिचं टोक फडफडतं. म्हणून मधला मार्ग घ्या, टोक-शेपूट लवचिक आणि पायाखालचा भाग मजबूत.

दुकानात हे तपासता येतं. स्कीची शेपूट जमिनीवर टेकवा, एका हातानं टोक धरा आणि दुसऱ्या हातानं मधला भाग दाबा. ती कुठं वाकते आणि कुठं ताठ राहते ते हाताला कळतं. दोन-तीन जोड्या अशा दाबून बघितल्या की फरक लगेच लक्षात येतो.

लांबी आणि वळण

लांबीसाठी सोपा नियम आहे. स्की उभी करा. शिकाऊ असाल तर टोक हनुवटीच्या आसपास, मध्यम असाल तर नाकापर्यंत, चांगली सवय असेल तर कपाळ किंवा डोक्यापर्यंत. 170 सेंटीमीटर उंचीच्या शिकाऊ माणसाला 150 ते 155, मध्यम तयारीच्या माणसाला 160 ते 168 ठीक. रॉकर जास्त असेल तर चार-पाच सेंटीमीटर लांब घेतली तरी चालते, कारण कडक बर्फावर तिचा टेकणारा भाग कमीच असतो.

दुसरा आकडा वळणाच्या त्रिज्येचा, म्हणजे ती स्की कडेवर टाकली की किती मोठ्या वर्तुळात फिरायला बघते. तो मीटरमध्ये स्कीवरच छापलेला असतो. जायंट स्लालमच्या शर्यतीत पुरुषांच्या स्कीचा हा आकडा किमान 30 असावा लागतो. तुम्हाला 15 ते 19च्या मधला पुरेसा आहे.

गुलमर्ग की औली? जागेनुसार काय बदलतं?

गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडूरीला आणि दुसरा अफरवतच्या खांद्यावर, जवळपास 3,950 मीटरवर नेतो. खालचे उतार शिकाऊंसाठी. अफरवतच्या बाजूला मात्र बहुतेक डोंगर मोकळा आहे, मशीन फिरवलेला नाही. म्हणून तिथं नियमित जाणारे 95च्या पुढची स्की घेतात. भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था इथंच आहे.

उत्तराखंडात औलीला गढवाल मंडल विकास निगम 7 आणि 14 दिवसांचे कोर्स घेतं. तिथं कोर्सचा बहुतेक वेळ एकाच मोठ्या उतारावर जातो. तिथं 80 ते 90ची स्की पुरते.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा, बर्फ वेळापत्रक पाळत नाही. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गच्या उतारांवर बर्फाऐवजी वाळलेलं गवत दिसत होतं. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेचा तिथला टप्पा 2 फेब्रुवारीवरून 21 फेब्रुवारीला ढकलावा लागला. 2025 मध्ये पुन्हा तेच झालं, फेब्रुवारीतला टप्पा 9 ते 12 मार्चला झाला. सुट्टी काढून जाणाऱ्याला स्पर्धेसारखी तारीख ढकलता येत नाही. ज्या आठवड्यात रजा मिळाली त्या आठवड्यात जो बर्फ असेल, त्यावर खेळायचं. सगळीकडे निभावणारी स्की आपल्यासारख्या लांबून जाणाऱ्यांच्या कामाची आहे ती यामुळंच.

रुंद स्की म्हणजे परवाना नव्हे

हा भाग वगळू नका. 2024 मध्ये जानेवारीत बर्फ नव्हता हे वर वाचलंत. मग फेब्रुवारीत एकदम भरपूर बर्फ पडला आणि 22 फेब्रुवारीला गुलमर्गमध्ये हिमस्खलन होऊन एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. त्याच्या एक वर्ष आधी, 1 फेब्रुवारी 2023 रोजी अफरवतच्या भागात दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात गेले.

जुन्या थरावर अचानक जड नवा थर बसला की तो नीट चिकटत नाही आणि एका माणसाच्या वजनानंही अख्खा उतार सरकू शकतो. तुमची स्की 100ची आहे की 80ची, याच्याशी त्या उताराला काही देणंघेणं नाही.

आखलेल्या उताराबाहेर जायचं असेल तर स्थानिक गाइड, स्की पेट्रोलची त्या दिवसाची सूचना आणि तीन वस्तू लागतात: हिमस्खलनात शोध घेणारा ट्रान्सीव्हर, प्रोब काठी आणि फावडं. हे तिघांपैकी एकाकडं असून उपयोग नाही, प्रत्येकाकडं हवं आणि वापरता यायला हवं. हे जमणार नसेल तर खालच्या उतारावर रहा.

बूट आणि बाइंडिंग आधी, स्की नंतर

बजेट मर्यादित असेल तर पहिला खर्च बुटांवर करा. स्की भाड्यानं घेतली तरी चालते, पण दुसऱ्याच्या पायाला साचलेला बूट दिवसभर छळतो. बुटाचं माप सेंटीमीटरमध्ये असतं. भिंतीला टाच लावून पाय मोजा. 26 सेंटीमीटर भरला तर माप 26 किंवा 26.5. नेहमीच्या बुटासारखा सैल घेतला की आत टाच उचलली जाते आणि स्की ऐकत नाही.

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी कळ. पडताना ती सुटली पाहिजे, नाहीतर पाय स्कीसोबत पिळला जातो आणि गुडघ्यातला लिगामेंट फाटू शकतो. ती किती जोरानं सुटावी याचा आकडा उंची, वजन, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमची तयारी यांवरून ठरतो. त्यामुळं दुकानदारानं वजन विचारलं तर लाजून पाच किलो कमी सांगू नका आणि 'मला चांगलं येतं' अशी फुशारकीही मारू नका. हा आकडा मित्राच्या स्कीवरून उतरवायचाही नाही.

भाड्याची किंवा जुनी स्की घेताना काय बघायचं?

कड: नख हलकेच आडवं फिरवा. नखाचा कीस निघाला तर कड धारदार आहे. गंज किंवा तुटका भाग दिसला तर दुसरी मागा.

तळ: बारीक ओरखडे चालतात. आतलं लाकूड दिसेल इतका खड्डा नको.

थर: टोक आणि शेपटीपाशी थर उकलले आहेत का बघा. तिथून पाणी आत जातं आणि स्की कुजते.

मेण: तळ पांढरट, कोरडा दिसला तर मेण लावून द्यायला सांगा. ओल्या बर्फात मेण नसलेली स्की जागेवर चिकटते.

बाइंडिंग: आकडा तुमच्यासमोर लावून घ्या आणि बूट घालून कळ उघडते-बंद होते का बघा.

मग घ्यायची की नाही?

पहिल्यांदा जात असाल तर घेऊ नका. कोर्सच्या फीमध्ये साहित्य धरलं आहे का ते विचारा आणि नसेल तर भाड्यानं घ्या. शक्य झालं तर दोन दिवस 80च्या आसपासची आणि एक दिवस 95ची वापरून बघा. कुठली पायाला पटली ते लिहून ठेवा.

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला आधी स्वतःचे बूट घ्या.

दरवर्षी आठ-दहा दिवस जाणं होत असेल आणि थांबत थांबत का होईना, मधल्या उतारावर न पडता उतरता येत असेल, तर स्वतःची जोडी घ्यायला हरकत नाही. मग यादी अशी ठेवा: कंबर 85 ते 98, टोकाला रॉकर आणि पायाखाली कॅम्बर, लांबी नाकापर्यंत, त्रिज्या 15 ते 19, टोक-शेपूट लवचिक. विमानानं नेणार असाल तर तिकीट काढण्याआधी लांब सामानाचा नियम विचारून घ्या.

आणि परत आल्यावर स्की कोरडी पुसा, कडांना हलकं तेल लावा, तळाला मेणाचा थर द्या आणि माळ्यावर नाही तर घरातल्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवा. परभणीचा मे महिना पत्र्याखालच्या माळ्यावरच्या कुठल्याच चिकटवलेल्या वस्तूला सोसत नाही, मग ती बर्फासाठी बनलेली स्की का असेना.